एकट्याने जमतं, गटात विस्कटतं: ऑनलाइन जॅझ गिटार सोलो बसवताना दोष कुठे शोधायचा

गोव्यातल्या फोंड्याचा एक, डिचोलीचे दोघे, मडगावची एक आणि पुण्यात नोकरीला गेलेला पेडण्याचा पाचवा. असा गट आठवड्यातून एकदा स्क्रीनसमोर बसतो आणि रेकॉर्डवरचा एकच सोलो, म्हणजे एका वादकाने एकट्याने वाजवलेला भाग, सगळे मिळून बसवतात. तक्रार बहुधा एकच असते: घरी रेकॉर्डबरोबर वाजवलं की फ्रेज (सुरांचं छोटं वाक्य) नीट बसते, गटात आलं की विस्कटते. मग ‘सराव कमी पडला’ असं ठरवून टेम्पो उतरवतात, तरी तेच होतं, आणि महिन्याभरात दोघं यायचे थांबतात. हे वाईट आहे, कारण अशा वेळी दोष पुष्कळदा बोटांत नसतोच. तो कनेक्शनमध्ये, फाइलमध्ये, कागदावर किंवा पावसाने फुगलेल्या लाकडात असतो. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो. तो मोडू नका. पहिल्या चार तपासण्या झाल्याशिवाय गिटार दुरुस्तीला नेऊ नका.

लक्षणं

आधी नेमकं काय होतंय ते प्रत्येकाने एका ओळीत लिहून काढावं. ‘जुळत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

सगळे एकदम वाजवतात तेव्हा टेम्पो हळूहळू घसरत जातो, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत असतो. हा उशिराचा दोष.

लांब धरलेला स्वर मधेच मरतो, कॉर्डची शेपटी कापली जाते, हळू वाजवलेलं ऐकूच येत नाही. हा अ‍ॅपच्या आवाज-गाळणीचा दोष.

एकाचंच वाजवणं सगळ्यांपेक्षा ठरावीक अंतराने वर किंवा खाली लागतं: दोन पडदे (फ्रेट), तीन पडदे, दीड पडदा. अंतर कायम तेवढंच असेल तर त्याच्या कानाला बोल लावू नका, कागद किंवा फाइल तपासा.

सुट्या तारा सुरात, पण सातव्या पडद्यापुढे स्वर चढे, आणि तेही प्रत्येक तारेवर वेगवेगळे. ही गिटार.

घरून पाठवलेली रेकॉर्डिंगं एकावर एक ठेवली की सुरुवात जुळते, शेवट सुटतो.

ब्रिज (गाण्याचा मधला वेगळा भाग) आला की दोघं हरवतात. किंवा स्वर बरोबर, जागा बरोबर, तरी ऐकताना मूळ सोलोसारखं काहीच वाटत नाही. या दोन लक्षणांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

तपासणी १: एकदम वाजवणं बंद करा

साध्या व्हिडिओ कॉलवर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. एकत्र वाजवताना २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर हाताला जाणवू लागतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २५ मिलिसेकंदांचा उशीर हा साडेआठ मीटर लांब उभ्या असलेल्या साथीदाराइतका. आता हिशोब करा. टेम्पो मिनिटाला २०० ठोके असेल तर एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा. कॉलचा उशीर १५० असेल तर तुम्हाला समोरचा अर्धा ठोका, म्हणजे पूर्ण एक एट्थ नोट, उशिरा ऐकू येतो. त्याला धरून तुम्ही वाजवलंत की तुमचं त्याला पूर्ण ठोकाभर उशिरा पोचतं. कितीही सराव केला तरी हे जुळणार नाही. तो प्रयत्नच सोडायचा.

त्याऐवजी असं करा. शिकवणारा चार बार (चार-चार ठोक्यांचे भाग) वाजवतो, बाकी सगळे माइक बंद ठेवून त्याच्या आवाजाबरोबर वाजवतात. प्रत्येकाला फक्त शिकवणारा आणि स्वतःची गिटार ऐकू येते, त्यामुळे उशीर कितीही असला तरी बिघडत नाही. मग एकेक जण माइक उघडून तेच चार बार एकट्याने वाजवतो. पाच जणांची फेरी दहा मिनिटांत होते.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक गटात दिसते: बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) शिकवणारा लावतो आणि वाजवतो दुसराच. मग ट्रॅक एकदा उशिरा जातो, गिटार पुन्हा उशिरा परत येते, आणि चांगला वाजवणाराही मागे पडलेला ऐकू येतो. ज्याची पाळी, त्यानेच ट्रॅक आपल्याकडे लावायचा. तोही स्क्रीन शेअरमधून देऊ नका, कारण शेअर केलेला आवाज आणि माइकचा आवाज वेगवेगळ्या वाटेने जातात आणि त्यांच्यात फरक पडू शकतो. खोलीत छोट्या स्पीकरवर हळू लावा, म्हणजे गिटार आणि ट्रॅक एकाच माइकमधून एकत्र जातील.

तपासणी २: ब्लूटूथ काढा

साधे ब्लूटूथ इअरफोन १५० ते २५० मिलिसेकंद उशीर घालतात. गाणं ऐकताना ते कळत नाही, वाजवताना सगळं कोसळतं. वायरचे साधे इअरफोन लावा. स्पीकरही ब्लूटूथचा नको. गटातला एकच माणूस सतत मागे असेल तर आधी त्याच्या कानात काय आहे ते विचारा.

तपासणी ३: अ‍ॅपला सांगा की हे संगीत आहे

व्हिडिओ कॉलची अ‍ॅपं माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली आहेत. पंखा, पाऊस, मिक्सर असा सलग आवाज ती गाळून टाकतात, आणि चार ठोके धरलेला गिटारचा स्वर त्यांना पंख्यासारखाच वाटतो. झूममध्ये ऑडिओ सेटिंगला जाऊन ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा, आणि मीटिंग सुरू झाल्यावर तिथलं बटणही चालू आहे का ते बघा. निव्वळ सेटिंग करून बटण विसरणं फार होतं. इतर अ‍ॅपमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा. इको कॅन्सलेशन मात्र इअरफोन लावले असतील तरच बंद करायचं, नाहीतर सगळ्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. स्पीकरवर ट्रॅक वाजत असला तरी चालतो, समोरच्यांचे आवाज तेवढे इअरफोनमध्येच हवेत.

पावसाळ्यात पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस कोसळत असताना गाळणी बंद केली की तो सगळाच माइकमध्ये येतो. अशा वेळी माइक गिटारच्या जवळ आणा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, आणि गेन (माइक आवाज किती वाढवतो तो) तेवढा कमी करा. लाइनमधून, म्हणजे माइकशिवाय थेट केबलने, वाजवता येत असेल तर प्रश्नच मिटला.

तपासणी ४: ट्यूनर आणि फाइल

प्रत्येकाच्या ट्यूनरवर ए = ४४० (ए स्वराची सेकंदाला ४४० कंपनं) आहे ना, ते मोठ्याने वाचून घ्या. हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारावा लागतो, कारण तोच फोन संध्याकाळी भजनात पेटीबरोबर तार लावायला वापरलेला असतो आणि त्या पेटीप्रमाणे आकडा हललेला असतो. ४४२ ठेवलं तर फरक सुमारे ८ सेंट, ४३२ ठेवलं तर जवळजवळ ३२ सेंट. शंभर सेंट म्हणजे एक पडदा. ३२ सेंटचा फरक कोणाच्याही कानाला खुपतो.

मग फाइल. सगळ्यांकडे एकच फाइल हवी, ‘त्याच रेकॉर्डची’ असून पुरत नाही. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेल्या आवृत्त्या वेगात आणि सुरात एकमेकींशी जुळतीलच असं नाही. नंतरच्या काळातही हे घडलं आहे: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये पहिल्या बाजूचे तीनही नंबर रेकॉर्डिंगचं टेप मशीन हळू चालल्यामुळे तबकडीवर चढ्या सुरात आले होते आणि १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत ते सुधारले गेले. एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी असेल तर दोघंही बरोबर वाजवून बेसूर होतात.

कोणाचं तरी दीड पडदा चढं लागत असेल तर सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) बघा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजवली गेली की ती सुमारे १४७ सेंट वर जाते. गटाने ४८ ठरवावं आणि तेच पाळावं.

फाइल हळू करताना ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’ वापरा. ‘चेंज स्पीड’ने सूरही उतरतो.

तपासणी ५: कागद

गोव्यात हा दोष जास्त भेटतो आणि त्याचं कारण चांगलं आहे. चर्चच्या शाळांतून सोल्फेजो (नोटेशन वाचून गाणं) शिकवण्याची इथली परंपरा जुनी. मुंबईच्या जॅझ बँडांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत गोव्याचे वादक एवढ्या मोठ्या संख्येने पोचले ते नोटेशन वाचता येत होतं म्हणून. त्यामुळे घराघरांत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचे कागद सापडतात, आणि गिटारवाला तेच समोर ठेवतो.

टेनर सॅक्स आणि ट्रम्पेट ही बी-फ्लॅटची वाद्यं. त्यांच्या कागदावर सी लिहिला असेल तर वाजतो बी-फ्लॅट. गिटारवर ते जसंच्या तसं वाचलं तर दोन पडदे वर जातं, म्हणून दोन पडदे खाली वाजवा. आल्टो सॅक्स ई-फ्लॅटचं आहे, लिहिलेल्या सी ला ई-फ्लॅट वाजतो. तिथे तीन पडदे वर जायचं. सप्तकाचा घोळ वेगळाच: गिटारचं नोटेशन मुळातच ऐकू येतं त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. पियानोचा कागद वाचणारा आणि गिटारचा कागद वाचणारा यांच्यात सप्तकाचा फरक पडला तर दोघांनाही चूक म्हणू नका.

गटात एक जण नोटेशन, दुसरा टॅब (तार आणि पडद्यांचे आकडे), तिसरा सरगम लिहिणारा असेल तर हरकत नाही. सरगम तर मी आग्रहाने लिहायला सांगेन, पण एका अटीवर: सा गाण्याच्या मुख्य सुरावर कायम ठेवायचा, कॉर्ड बदलली म्हणून सा हलवायचा नाही. सी मेजरमधलं टू-फाइव्ह-वन, म्हणजे जॅझमधला नेहमीचा तीन कॉर्डचा क्रम, घ्या: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पहिल्या कॉर्डचा सातवा स्वर सा, तो पुढच्या कॉर्डच्या तिसऱ्या स्वरावर, म्हणजे नी वर उतरतो. जी सेव्हनचा सातवा म, तो ग वर उतरतो. सा-नी, म-ग. सोलो कितीही वळणं घेत असला तरी त्याच्या आत हे दोन उतार बहुतेक वेळा सापडतात. ते आधी गाऊन घ्या, मग फ्रेज तोंडपाठ होते आणि कागदाचं भांडणही मिटतं.

तपासणी ६: पाठवलेली रेकॉर्डिंगं

दोन बारचा काउंट-इन (सुरुवातीची मोजणी), मग चार टाळ्या, मग सोलो. टाळी लागते कारण एमपी३ आणि तत्सम फाइलींच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता आपोआप जोडली जाते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. टाळीचं टोक स्क्रीनवर ठळक दिसतं, त्यावरून जुळवा. शक्यतो वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत जोराचा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवट सुटत असेल तर दोन फोनांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात हे कारण असू शकतं. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद होतो. उपाय सोपा: एका वेळी एकच कोरस (गाण्याचं एक पूर्ण आवर्तन) रेकॉर्ड करा.

तपासणी ७: कान आणि लय

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच सरावाला दोष द्या.

ब्रिजला हरवणं हा मोजणीचा दोष. बत्तीस बारच्या एएबीए (ए भाग दोनदा, मग ब्रिज, पुन्हा ए) गाण्यात ब्रिज सतराव्या बारला येतो, ब्लूजमध्ये तो नसतोच. फाइलमध्ये दर आठ बारांची वेळ मिनिट-सेकंदांत लिहून सगळ्यांना द्या. मग सोलो न वाजवता फक्त प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर, बारला एकदा, असा पूर्ण कोरस वाजवा. यात जो हरवतो तो सोलोतही हरवणारच, आणि त्याला बोटांचा सराव देऊन उपयोग नाही.

मेट्रोनोम २ आणि ४ वर ठेवा. १२० चा टेम्पो हवा तर मेट्रोनोम ६० वर लावायचा आणि त्याच्या ठोक्याला ‘दोन’, ‘चार’ म्हणायचं. तबल्यावर वाढलेला कान समेला वजन देतो, त्यामुळे सुरुवातीला ठोका नकळत १ वर सरकतो. रोज पाच मिनिटं निव्वळ टाळीने करा. आठवडाभरात बसतं.

आता स्विंग, म्हणजे ठोक्यातल्या दोन नोटांची लांब-आखूड वाटणी. बहुतेक जण ‘तीनातले दोन आणि एक’ असं शिकलेले असतात. १२० च्या टेम्पोला ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे पहिली नोट ३३३, दुसरी १६७. मध्यम टेम्पोला हे ठीक. पण टेम्पो वाढतो तशा दोन्ही नोट जवळजवळ समान होत जातात. सापळा इथे आहे: २०० च्या पुढचा सोलो निम्म्या वेगावर शिकताना सवयीने लांब-आखूड घातलं जातं. मग टेम्पो वाढवला की हात अडखळतो, आणि सगळ्यांना वाटतं वेगाचा सराव हवा. हळू केलेल्या फाइलमध्ये नोट जेवढ्या समान ऐकू येतात तेवढ्याच समान वाजवा, हळू वेगात ते सपाट वाटलं तरी. वेग आला की ते आपोआप बरोबर लागतं.

दुसरी गोष्ट पिकिंगची. ठोक्याच्या मधली नोट पिकने आणि तिथून ठोक्यावरच्या नोटवर हॅमर-ऑन किंवा पुल-ऑफने (पिक न मारता, पडद्यावरच्या बोटाने तार ठोकून किंवा ओढून) जाणं, ही या संगीतातली जुनी बोली आहे. एकाने प्रत्येक नोट पिक केली आणि दुसऱ्याने अशी जोडली, तर स्वर तेच असून दोघांचं ऐकायला वेगळं लागतं. जागाही ठरवा. पहिल्या तारेचा सुटा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो, आणि चारही ठिकाणी त्याचा पोत वेगळा. कागदावर तारेचा आकडा लिहा.

एक विनंती: रेकॉर्डिंगं जुळवताना कोणाची नोट उचलून ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेषांवर) चिकटवू नका. चांगले सोलोवादक ठोक्यावरची नोट ड्रमरपेक्षा किंचित मागे ठेवतात आणि मधली नोट मात्र त्याच्याबरोबर टाकतात. ती ओढच शिकायची असते.

तपासणी ८: गिटार

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. गोव्यात जुलै-ऑगस्टला ती ८५ च्या वर असते. टॉप (गिटारची वरची फळी) फुगतो, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जास्त ताण लागतो आणि स्वर चढतो. चवथीच्या आसपास ‘अचानक वरचे पडदे बेसूर झाले’ म्हणणाऱ्यांची गिटार बहुधा चिऱ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. केस बंद ठेवा, आत शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल ठेवा, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर.

आधी तारा बदला. गंजलेली तार सुरात राहतच नाही, तिच्यावर केलेली प्रत्येक मोजणी फसवी. मग बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (तार जिथे टेकते तो तुकडा) मागे न्या, उतरा असेल तर पुढे. आर्चटॉपचा (कमानदार टॉपच्या गिटारचा) ब्रिज, म्हणजे तारांखालचा आधार, नुसता ताणावर उभा असतो, म्हणून हलवण्यापूर्वी त्याच्या पायाशी मास्किंग टेपने खूण करा आणि सगळ्या तारा एकदम कधीही काढू नका.

मानेचा बाक असा बघा: सहावी तार पहिल्या पडद्यावर आणि मान अंगाला मिळते तिथल्या पडद्यावर दाबा. सातव्या-आठव्या पडद्याशी ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी, साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली लोखंडी सळई) पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही, आणि एक दिवस थांबून पुन्हा मोजा.

तपासणी ९: घूं आवाज आणि नेट

घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगचा. सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर खुर्ची नव्वद अंशांत फिरवा. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात राउटर आणि अ‍ॅम्पचे प्लग काढून ठेवा.

खरोखर एकाच वेळी वाजवायचं असेल तर जॅमुलस, सोनोबस किंवा जॅकट्रिप ही कमी उशिराची सॉफ्टवेअरं वापरा. वाय-फाय चालणार नाही, राउटरपासून केबल हवी. शिवाय ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) आणि १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवलेला आवाजाचा तुकडा), तो ४८ किलोहर्ट्झला सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. एकूण उशीर ४० च्या खाली येतच नसेल तर पैसे खर्च करणं थांबवा आणि पहिल्या तपासणीतल्या फेरीवर परत या. फेरीनेही सोलो उत्तम बसतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

गिटारच्या तारांना किंवा माइकला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर त्याच क्षणी प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवू नका. अर्थिंग आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासून घ्या. हे घरी करून बघायचं काम नाही.

ट्रस रॉड फिरत नसेल, पाव फेऱ्याने फरक पडत नसेल, पडदे उचलले गेले असतील, टॉपला भेग असेल किंवा ब्रिज सुटत असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. शक्य असेल तर पाऊस संपल्यावर सेटअप करा. जुलैत बसवलेली उंची डिसेंबरात खाली येते.

एखादी फ्रेज ६० टक्के वेगावर दोन आठवडे रोज वाजवूनही त्याच जागी तुटत असेल तर समोरासमोर शिक्षकाला दाखवा. मनगटाचा कोन कॅमेऱ्यात दिसत नाही.

आणि बोटांत बधिरपणा, रात्री हात दुखून जाग येणं किंवा कानात सतत शिटी असेल तर वाजवणं बंद करून डॉक्टरांकडे जा. किती मिनिटं वाजवल्यावर आणि कुठल्या बोटापासून सुरू होतं ते लिहून न्या, आणि जमल्यास गिटार घेऊन बसण्याची पद्धत त्यांना दाखवा.